गर्जे नानांचा पाहुणा

आमच्या गल्लीत एक घर असं होतं की त्याचा पत्ता रोज बदलायचा.

घर जागचं हललं नव्हतं. पत्र्याच्या दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, दारात शेवगा. पण चौकटीच्या डाव्या बाजूला खिळ्याला एक छोटा फळा टांगलेला असे आणि त्यावर गर्जे नाना रोज दिवेलागणीला खडूने चार आकडे लिहीत, मध्ये टिंबं देऊन. वर ठळक अक्षरांत कायमचं लिहिलेलं होतं: 'आजचा पत्ता'. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ओल्या फडक्याने ते आकडे पुसायचे आणि नवे लिहायचे.

गावाला त्या आकड्यांचा काडीचा उपयोग नव्हता. सुरुवातीला दोघा-तिघांनी मटक्याचा आकडा समजून लावून पाहिला आणि नंतर आठ दिवस नानांशी बोलणं टाकलं. नाना त्यांना म्हणाले, "आरं, त्यो माझा पत्ता हाय. नशीब न्हाई."

हे मोबाईल सगळ्यांच्या हाती येण्याच्या आधीचं. पाथर्डीहून जीपने अर्ध्या तासावरचं आमचं गाव. मी तिथल्या शाळेवर मुख्याध्यापिका होते. माझी ओळख एका वाक्यात सांगायची तर मी याद्या करते. किराणा, कामं, कोणाच्या लग्नात काय आहेर केला, कोणाला पुस्तक वाचायला दिलं, सगळं एका लांबट वहीत. फळ्यावर काही लिहिलेलं दिसलं की पुसण्याआधी ते उतरवून घ्यायचं, ही नोकरीने लागलेली खोड. नानांच्या फळ्यावरचे आकडेही मी येता-जाता उतरवून घेत असे. कशासाठी, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

दिवाळी झाली की आमचं गाव रिकामं होतं. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक भरभरून बाहेर पडतात, कोणी श्रीरामपूरकडे, कोणी पार कर्नाटकात, आणि उन्हाळा लागल्यावर परततात. गल्लीतल्या वीस दारांपैकी बारा दारांना कुलपं. मागे म्हातारी माणसं, कुत्री आणि मी. मागे ठेवलेली मुलं शाळेच्या हंगामी वसतिगृहात, म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला. संध्याकाळी गल्लीत धूर नाही, भांडण नाही, रेडिओ नाही. चौथ्या घरात कोणी ताट खाली ठेवलं तरी ऐकू येतं. कुलपं लावलेल्या दारांपुढून जाताना मी पावलं जरा भरभर टाकायची. भीती अशी नव्हती. कामं असायची.

त्या वर्षी वसतिगृहाच्या याद्या कागदावर नकोत, ईमेलने पाठवा, असा वरून निरोप आला. ईमेल करायला पाथर्डीला जायचं म्हणजे जीप भरेपर्यंत अर्धा दिवस जायचा. तेव्हा शेवंताकाकूंनी सांगितलं, "गर्जे नानाकडं हाय की ते मशीन. पर संध्याकाळच्याला नगा जाऊ, बाई."

शेवंताकाकू नानांच्या समोर राहायच्या आणि नानांवर लक्ष ठेवायच्या. मी विचारलं, "संध्याकाळी का नको?"

"जा मग. कळंल."

मी संध्याकाळीच गेले. शाळा सुटल्याशिवाय मला दुसरी वेळ नव्हती.

नाना टेलिफोन खात्यात तीस वर्षं लाईनमन होते. शेवगाव रस्त्यापासून डोंगरापलीकडच्या वाड्यांपर्यंतचा प्रत्येक खांब ते चढलेले. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, त्यांच्या पत्नी कौसल्यानानी जाऊन दोन. गुडघे गेले होते, एका डोळ्यात मोतीबिंदू होता, पण भाषा अजून खांबावरचीच होती. जगात जे काही बिघडतं तो फॉल्ट. शेवंताकाकूंची कंबर धरली की, "अर्थिंग गेलंय." दोन जावांचं भांडण लागलं की, "क्रॉस झालंय, जरा वेळ लाईन सोडा." कोणी तक्रार घेऊन आलं की त्यांचं ठरलेलं वाक्य, "फॉल्ट कुठं हाय ते आधी बघावं, मग बोंबलावं." हे वाक्य मी नंतर शिक्षकांच्या बैठकीत पुष्कळदा वापरलं, शेवटचा शब्द बदलून.

पुण्याच्या मुलाने, प्रकाशने, ऑफिसने मोडीत काढलेले दोन कॉम्प्युटर त्यांना आणून दिले होते. वेळ जावा म्हणून. नानांनी ते नुसते ठेवले नाहीत. एक बाहेरच्या खोलीत मांडला, दुसरा स्वयंपाकघरात, आणि दोघांमध्ये भिंतीतून तार ओढली. तार अशी सरळ की पट्टी लावून घ्यावी.

"ह्यो मुकादम," बाहेरच्या मशीनवर हात ठेवून त्यांनी ओळख करून दिली. "फोन ह्योच लावतो. जगाला ह्योच ठाऊक. आतल्या मशीनला स्वतःचा पत्ता न्हाई. तिला काय बोलायचं झालं तर मुकादमाच्या तोंडानं. बाहेरून तिच्यासाठी काय आलं तर ते मुकादमाच्या नावावर येतंय, मग त्यो बघतो कोणाचं हाय आन् आत देतो."

"टोळीसारखं."

"टोळीच हाय. कारखान्याच्या कागदावर मुकादमाचं नाव. कोयता कोणाचा, ते कोण विचारतंय?"

मी पत्त्याचं विचारलं. त्यांनी मला पाट दिला, मोडेम चालू केला आणि तो शिट्ट्या-किंकाळ्यांचा आवाज संपेपर्यंत बोट वर करून मला गप्प बसवलं. तो आवाज रिकाम्या गल्लीत कसा लागतो हे ऐकल्याशिवाय कळायचं नाही. समोरचं कुत्रं उठून निघून गेलं.

"आपण इंटरनेटला फोन लावला की तिकडून एक नंबर मिळतो," आवाज थांबल्यावर नाना म्हणाले. "तात्पुरता. फोन ठिवला की गेला. मग त्यो दुसऱ्याला देत्यात. उसाच्या फडातल्या कोपीसारखं, पाचटाच्या झोपडीसारखं. औंदा तुमी, पुढच्या साली दुसरं कोण. पाचट तेच."

एवढं बोलून ते बाहेर गेले, फळा पुसला, नवा पत्ता लिहिला आणि येऊन बसले. मी माझी यादी टाईप करायला घेतली. तिसऱ्या-चौथ्या नावाला स्वयंपाकघरात फोनची बेल वाजली. एकदाच. जुन्या काळ्या फोनची, घणघणीत.

"नाना, फोन."

"फोन न्हाई त्यो. फोनची लाईन तर तुमच्या यादीनं अडवलीय. कसा वाजंल?"

ते खरं होतं. एकच लाईन, आणि तिच्यावर मी बसलेली. मी आत पाहिलं. दिवा नव्हता. फळीवर पिठाच्या डब्याशेजारी काळा फोन दिसत होता आणि त्याच्या बाजूला मशीनचा हिरवा ठिपका.

"मग काय वाजलं?"

"पाहुणा आला," नाना म्हणाले. त्यांनी मशीनचा पडदा हळूच स्वतःकडे वळवला, काहीतरी वाचलं, पुन्हा माझ्याकडे वळवला. "चालू द्या तुमचं."

मग त्यांनी जे केलं ते मी पुढे रोज पाहिलं आणि रोज मला ते पटलं नाही. ते उठले, चपला घातल्या, अंगणात गेले, रांजणातलं पाणी घेऊन हातपाय धुतले, टॉवेलने पुसले आणि चपला दाराशी काढून घरात आले. दिवसभर घरात बसलेला माणूस नुकताच घरी आल्यासारखा. आत जाऊन त्यांनी दिवा लावला आणि म्हणाले, "झालं का बाई? मी जेवून घेतो."

मी यादी पाठवली आणि घरी आले. त्या रात्रीच्या वहीत मी लिहिलं: 'यादी गेली. बेलचं विचारणे.'

दुसऱ्या दिवशी शेवंताकाकूंनी विचारलं, "वाजली का?"

"वाजली. मशीनची काहीतरी बेल आहे."

"मशीन दोन सालापूर्वी न्हवतं. बेल तीच हाय." काकू लसूण सोलत होत्या, वर पाहिलं नाही. "कौसल्या हाय ती. दिस मावळला की तिला दम धरवत न्हवता. नवरा घरात आल्याबिगर तव्यावर भाकर टाकायची न्हाई. आता बी त्यालाच बोलावती. त्यो येतो, हातपाय धुतो. तुमी बघितलं न्हवं?"

पाहिलं होतं. मी काकूंना म्हणाले, असं काही नसतं. काकू म्हणाल्या, "बरं." आमच्याकडे 'बरं' म्हणजे वाद जिंकल्याची पावती.

मी जवळजवळ रोज जाऊ लागले. याद्या संपत नव्हत्या. नावं घाला, काढा, पुन्हा पाठवा. हळूहळू मला बेलांतला फरक कळायला लागला. पाहुण्याची बेल एकदाच वाजायची, फळा लिहून नाना आत आले की लगेच. कधी कधी नंतरही वाजायची, वेळी-अवेळी, दोनदा-तीनदा.

"ह्यो आपला न्हाई," तेव्हा नाना मान हलवत. "परका हाय. काल ह्या पत्त्यावर जो कोण हुता, त्याला हुडकत आलाय."

"मग त्याला काय कळणार?"

"त्याला कसं कळंल? त्यो बिचारा जुना पत्ता घिऊन आला. दार तेच, माणूस दुसरं." त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "ल्हान असताना आईबापाला हुडकत मी असा गेल्तो एकदा. फडावर पोचलो तर कोपीत भलतीच टोळी. त्यांनी पाणी दिलं, भाकर दिली, म्हनले, आमी न्हाई ते. मी म्हनलो, दिसतंय."

ही गोष्ट त्यांनी हसत सांगितली. मी हसले नाही, कारण तेवढ्यात आत पुन्हा बेल वाजली आणि दोघांनीही तिकडे पाहिलं.

"तुम्ही परक्यांना उत्तर देता?"

"समद्यांना देतो. दार वाजलं तर वो द्यायचा. ते मशीनच देतंय, आतलं."

"काय देतं?"

"जे द्यायचं ते."

माघाच्या सुमाराला शाळेच्या फोनवर प्रकाशचा फोन आला. मी त्याला एक-दोनदा पाहिलं होतं. सरळ मुलगा, बापाच्या काळजीने थकलेला.

"मॅडम, बाबांना मी पुण्याला न्यायचं म्हणतोय. डोळ्याचं ऑपरेशन आहे, गुडघे आहेत, गल्ली ही अशी ओस. घर बंद करायचं. पण ते म्हणतात, रोज पाहुणा येतो, घर बंद कसं करू."

"म्हणतात खरं."

"कोण येतं?"

"तेच बघायचंय."

"त्यांनी मला शब्द दिलाय. पाहुणा यायचा बंद झाला की येतो म्हणाले. मॅडम, तुमचा हिशेब पक्का असतो, बाबा नेहमी सांगतात. तुम्ही एकदा बघा. कोणी येत नसेल तर तुम्हीच सांगा त्यांना. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."

मी हो म्हणाले. मला त्यात काहीच अवघड वाटलं नाही. साठी ओलांडलेला माणूस, एका डोळ्याने अधू, स्टुलावर चढून तारा ओढतो. पडला तर बारा कुलपांपैकी कोण धावणार? पुण्याला जावं हे उघड होतं. फक्त फॉल्ट शोधून दाखवायचा होता.

"नाना, पाहुण्याची नोंद ठेवता का?"

ते दुखावले. "तीस साल फॉल्टबुक लिहिलंय मी."

त्यांनी वही काढून दिली, काही न विचारता. वही पाहून मला गहिवरून आलं, असं म्हटलं तर लोक हसतील, पण रकाने इतके नीट मी शिक्षकांकडेही पाहिलेले नाहीत. तारीख. वेळ. कुठून आला. परका की पाहुणा. वो दिला का. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'दिला, दिला, दिला'.

रविवारी दुपारी ती वही मी माझ्या टेबलावर उघडली. परके वेगळे काढले. कुठकुठचे आकडे, एकदा आले, पुन्हा नाहीत. मग पाहुण्याच्या नोंदी. रोज एक. एकही दिवस खाडा नाही. पण 'कुठून आला' या रकान्यात रोज वेगळे आकडे. म्हणजे पाहुण्याचाही पत्ता रोज बदलत होता. आणि नानांचाही रोज बदलत होता. तरी तो रोज बरोबर इथेच येत होता, पुसलेला फळा वाळायच्या आत. मला ते आवडलं नाही.

उतरवून घ्यायला मी माझी लांबट वही ओढली. कोरं पान शोधताना मागचं पान उघडलं, आणि त्यावर मीच उतरवलेले आकडे होते. नानांच्या फळ्यावरचे. तारीखवार.

मी पहिला आकडा पाहिला. मग दुसरा. मग पट्टी घेतली आणि दोन्ही वह्यांवर आडवी धरून एकेक ओळ खाली सरकवत गेले. सोमवारी पाहुणा ज्या पत्त्यावरून आला होता, तो पत्ता सोमवारच्या फळ्यावर होता. मंगळवारचा मंगळवारच्या. एकही चुकला नव्हता.

पाहुणा रोज त्याच घरातून येत होता.

बाहेर ऊन होतं. तरी मी उठून दार लोटून घेतलं. मला आधी मशीन आठवायला हवं होतं, मोडेम, मुकादम, भिंतीतली तार. आठवल्या शेवंताकाकू, लसूण सोलताना. किती वेळ मी तशी उभी होते ते वहीत नाही.

मग चहा केला, आणि चहासोबत अक्कल आली. घरातून कोण हाक मारणार? मुकादमच. मुकादम फोन लावतो, नवा पत्ता घेतो आणि स्वतःच स्वतःच्या दारावर थाप मारतो. आत बेल वाजते. बाहेर कोणीच नसतं. फॉल्ट सापडला. आता नानांना सांगायचं आणि प्रकाशला कळवायचं. दोन कामं. मी ती वहीत लिहिली आणि दोन्ही वह्या घेऊन संध्याकाळी निघाले.

नाना ओट्यावर बसले होते. मी वह्या त्यांच्यापुढे उघडल्या, पट्टी ठेवली. त्यांनी चांगला डोळा जवळ नेला, दोन-तीन ओळी पाहिल्या.

"जुळलं का समदं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"बाई, मी लाईनमन हाय."

मी खाली बसले. काय बोलायचं त्याची तयारी केलेली होती, पण त्यात हे वाक्य नव्हतं.

"पयल्याच दिशी कळलं," नाना म्हणाले. "पत्त्यावर कोण आलं तर कळावं म्हणून जुन्या फोनची घंटा आतल्या मशीनला बसवली हुती. नवा पत्ता बाहेरून लागतोय का, ते टेस्ट करायचं हुतं. मुकादमाला रस्ता लिहून देताना चुकलो. टेस्ट बाहेर गेलीच न्हाई. उंबऱ्यापतोर गेली, मागं फिरली आन् सैपाकघरात वाजली. मी हितं बसलेलो."

"मग दुरुस्त का नाही केलं?"

शेवग्याच्या शेंगा वाऱ्याने एकमेकींवर घासत होत्या, तेवढा एक आवाज.

"खांबावर फॉल्ट काढला की टेस्ट करावी लागती. नियमानं एक्सचेंजला लावायची. मी घरी लावायचो. दिसाचा शेवटचा फॉल्ट निघाला की कुठल्या बी खांबावरून, घरी. एक बेल. दुसरी कधी वाजू दिली न्हाई तिनं. हॅलो न्हाई, कोण बोलतंय न्हाई. 'चालू हाय. या घरी.' संपलं. मी म्हनायचो, आणखी दोन खांब हायती. ती फोन ठिवायची आन् पीठ मळायला घ्यायची."

"रोज?"

"तीस साल. साहेबाला कळलं असतं तर मेमो आला असता."

ते हसले. मग वहीवरची पट्टी सरळ केली, ती सरळच होती.

"फोन काय, घरात असताना लई वेळा वाजलेला ऐकला. पर ही बेल, दिवेलागणीची, एकच, ही मी कायम बाहेरून वाजवली. ती आत कशी ऐकू येती हे मला म्हाईतच न्हवतं. त्या दिशी मी हितं बसलो आन् आत वाजली. तवा कळलं तिला रोज काय ऐकू येत हुतं." मग म्हणाले, "फॉल्ट कळला. काढला न्हाई. नोकरीत असं एकदा बी केलं न्हवतं."

वेळ झाली होती. ते उठले, आत गेले, मोडेम किंचाळला. त्यांनी फळा पुसला, नवा पत्ता लिहिला. आत बेल वाजली. या वेळी त्यांनी पडदा माझ्यापासून वळवला नाही. काळ्या पडद्यावर आतल्या मशीनने पाठवलेली एक ओळ होती: 'चालू हाय. या घरी.'

जगातल्या सगळ्या परक्यांनाही हेच उत्तर जात होतं, हे मला घरी पोचल्यावर सुचलं.

"परकाशला खरं काय ते सांगा," निघताना नाना म्हणाले होते. "तुमच्या वहीत खोटं बसत न्हाई. मला ठाऊक हाय."

सोमवारी प्रकाशचा फोन आला. मी सांगितलं, "दोन्ही वह्या ताडून पाहिल्या. रोज एक जण येतो. एकही खाडा नाही."

"खरंच? कोण?"

"घरचंच माणूस आहे," मी म्हणाले. "चुकत नाही."

तो म्हणाला, "बरं मॅडम." हे 'बरं' पुण्याचं होतं, त्याचा अर्थ मला लागला नाही. पण घर बंद करण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. फक्त डोळ्याचं ऑपरेशन तेवढं पुण्यात करून घ्यायचं ठरलं. आठ दिवस. नाना एका अटीवर तयार झाले. त्यांनी मला किल्ली दिली आणि सोबत एक कागद दिला, त्यावर क्रमांक घालून: एक, मुकादम चालू करणे. दोन, आतलं चालू करणे. तीन, पत्ता घेणे. चार, फळा. पाच, बेल ऐकणे. सहा, वही. पाचव्यावर दोनदा रेघ मारलेली होती.

दोन दिवस मी सगळं क्रमाने केलं. हातपाय धुतले नाहीत, ते कागदावर नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी कुलूप काढलं आणि वीज गेली. लोडशेडिंगची वेळ बदलली होती, मला कोणी सांगितलं नव्हतं. मुकादम काळा, आतलं काळं. खाडा पडणार. नानांच्या वहीत तोवर खाडा नव्हता. मी बाहेरच्या खोलीत पाटावर बसून राहिले, वीज येईल म्हणून. गल्लीतला उजेड कमी होत गेला. समोरची कुलपं दिसेनाशी झाली. शेवंताकाकू मुलीकडे गेलेल्या. मी मनातल्या मनात दुसऱ्या दिवशीची कामं मोजायला लागले.

आणि आत बेल वाजली.

वीज नव्हती. मशीनं बंद होती, मी स्वतः पाहिलं होतं. कंदील शोधावा की दार गाठावं, हे मला ठरवता येईना. याद्या करणाऱ्या माणसाला असं होणं बरं नाही. मग मला नानांचंच वाक्य आठवलं: फॉल्ट कुठं हाय ते आधी बघावं. टेलिफोनला घरातली वीज लागत नाही. आज लाईन कोणी अडवलेली नव्हती. तो नुसता फोन होता.

मी चाचपडत स्वयंपाकघरात गेले. फळीवर पिठाचा डबा हाताला लागला, मग फोन. दुसरी बेल सुरू होण्याच्या आत मी उचलला.

पलीकडून कोणी काही बोललं नाही. दवाखान्याच्या जिन्यावर असतो तसा आवाज येत होता, पावलांचा आणि लांबून ट्रॉलीचा. आणि कोणीतरी श्वास धरून उभं होतं.

फोन उचलला की आधी शाळेचं नाव आणि मग स्वतःचं नाव सांगायचं, ही माझी वीस वर्षांची सवय. ते मी सांगितलं नाही.

"चालू हाय," मी म्हणाले. "या घरी."

पलीकडे नानांनी घसा साफ केला.

"आणखी दोन खांब हायती," ते म्हणाले.

मी फोन ठेवला. कंदील सापडला तेव्हा वही उघडली आणि वेळ लिहिली. 'कुठून आला' इथे 'पुणे' लिहिलं. 'परका की पाहुणा' या रकान्यावर पेन बराच वेळ धरून ठेवलं आणि शेवटी लिहिलं: 'घरचे.'

मग शेवटचा रकाना भरला. दिला.